चालवणार कोण, ते आधी सांगा

आमच्या वन्संना गाडीचा मालक कोण याच्याशी काडीचं देणंघेणं नसतं. नवी कोरी गाडी दुकानासमोर उभी राहते, मालक किल्ली बोटावर फिरवत उतरतो, गाडीचं कौतुक सांगून घेतो. वन्सं सगळं ऐकून घेतात आणि चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारतात, "चालवणार कोण, ते आधी सांगा."

"मीच की!"

"मग बसा. रोज बसता तसे बसा. फोटो काढायला बसल्यासारखे नको."

एकदा एका गृहस्थांना फोनवर बोलायचं होतं, म्हणून त्यांनी आपल्या जागी मुलाला बसवलं. वन्संनी हातातलं काम खाली ठेवलं. "चष्म्याचा नंबर काढायचा असला तरी मुलालाच पाठवता का हो?" गृहस्थ फोन बंद करून मुकाट्यानं बसले.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. आमचं गाड्यांना स्पीकर बसवायचं दुकान आहे. बसवण्याचं काम फिटर करतात, पण बसवलेले स्पीकर एकमेकांशी जुळवायचं काम वन्संचं. त्याला टाइम अलाइनमेंट म्हणतात, आमच्या दुकानात नुसतं 'टायमिंग'. भानगड अशी, की गाडीत माणूस मधोमध बसत नाही, एका कडेला बसतो. त्याच्या बाजूच्या दारातला स्पीकर हाताशी, पलीकडच्या दारातला लांब, आणि मोठा वूफर तर पार मागे डिकीत. जवळच्याचा आवाज कानाशी आधी पोचतो, लांबच्याचा मागून. फरक पापणी लवण्याहूनही कमी, पण कान फार चोखंदळ असतो. त्याला ते कळतं, आणि सगळं गाणं जवळच्या दाराकडे ओढल्यासारखं वाटतं. म्हणून जवळच्या स्पीकरला किंचित थांबवायचं, लांबच्याला पुढे निघू द्यायचं, म्हणजे सगळे एकदम कानाशी येतात. नीट जमलं की गाणारी बाई समोरच्या काचेच्या मधोमध उभी राहून आपल्याकडे बघत गाते आहे असं वाटतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच पदर सावरला होता.

हे सगळं एका माणसाच्या कानासाठी असतं. तो माणूस कसा बसतो, सीट किती पुढे घेतो, पाठ टेकतो की नाही, यावर सगळं माप अवलंबून. वन्सं त्याच्या कानापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत दोरी धरतात. स्टीलची टेप त्यांना आवडत नाही, म्हणतात ती माणसाच्या कानात घुसते. मग सीटच्या रुळावर खडूनं खूण करतात, माणसाला उतरवतात, त्याच जागी स्वतः उशी घेऊन बसतात, म्हणजे त्यांचा कान त्याच्या कानाच्या जागी येतो. काचा वर, एसी बंद. आत भट्टी झालेली असते. त्या डोळे मिटून ऐकत राहतात आणि लॅपटॉपवरचे आकडे थोडे इकडे थोडे तिकडे करतात. त्या वेळी दुकानात कुणी स्क्रूड्रायव्हर जरी पाडला तरी काच खाली येते आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

गोड बाई नव्हेत त्या, हे मी आधीच सांगते. मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा भांडी घासताना आवाज झाला तर त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "अगं बाई, ती भांडी आहेत, शत्रू नाहीत." मी पुष्कळ रडले आहे त्यांच्यापायी. पण त्यांनी कधी माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल वेगळं सांगितलं नाही. जे काय असेल ते तोंडावर. आज मागे वळून बघते तर त्या घरात हे फार मोठं होतं.

माझे सासरे रेडिओ दुरुस्त करत. वन्सं शाळेतून आल्या की त्यांच्या टेबलाशी बसायच्या. कुठल्या रेडिओची खरखर कुठून येते ते न उघडता सांगायच्या. पुढे लग्न झालं. नवरा तापट होता, तशा याही काही कमी नव्हत्या. एक दिवस त्यानं कानाखाली वाजवली. वन्सं त्याच पावली माहेरी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. नातेवाईक समजूत घालायला आले, एवढ्याशा गोष्टीवरून संसार मोडतात का म्हणून. त्यावर त्या म्हणाल्या, "एवढीशी? कान आहे तो माझा." सासऱ्यांनी नातेवाइकांना पाणी दिलं, वाटेला लावलं आणि लेकीला दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन गेले. रेडिओ गेले, गाड्यांचे टेप आले, टेप गेले, मोठाले स्पीकर आले. सासरेही गेले. दुकानाच्या बोर्डावर ह्यांचं नाव लागलं. टायमिंगच्या सीटवर मात्र वन्संच बसत राहिल्या. लोक 'दुकान भावाचं, कान बहिणीचा' असं म्हणायचे. ह्यांना ते कधी आवडलं नाही. तोंडावर हसायचे, घरी आले की जेवताना विनाकारण मिठावरून बोलायचे.

आता मुद्द्याची गोष्ट.

वन्संना ताप भरला होता. अंग भाजत होतं, डॉक्टरांनी अंथरूण सोडायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी घरीच होते, त्यांच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत. त्याच दिवशी दुकानात फरशीवाल्यांची गाडी होती. फरशीवाले म्हणजे फरशांचे मोठे व्यापारी. गावभर ओळख, आवाज त्याहून मोठा, आणि उंची बेताची. ते गाडी चालवतात ती स्टिअरिंगला मिठी मारून. सीट एवढी पुढे, की पोट अडकतं की काय असं बघणाऱ्याला वाटावं. त्यांना दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर लांब जायचं होतं, स्पीकर दाखवायचे होते. ह्यांनी सांगितलं, "ताई नसली तरी अडत नाही. मी लावतो टायमिंग."

फिटरनं वायर टाकायला सीट पार मागे ढकलली होती. ती तशीच होती. फरशीवाले चहा प्यायला गेले होते. हे त्या मागे ढकललेल्या सीटवर आरामात रेलले, टेप धरली, आकडे टाकले, गाडी देऊन टाकली. चालवणारा कोण, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच काय, बोर्डावर नाव होतं ना त्यांचं.

हे मला फिटरनं सांगितलं, तेही नंतर.

दोन-तीन दिवसांनी फरशीवाले दुकानात आले ते गाडीचं दार आपटतच. वन्संचा ताप उतरला होता, त्या आतल्या खोलीत बसून वायरी गुंडाळत होत्या. मी बिलांच्या टेबलाशी होते.

"काय हो, काय करून ठेवलंत?" ते दारातूनच ओरडले. "गाणारी बाई माझ्या बाजूच्या आरशावर जाऊन बसलीय! मित्र हसले मला. म्हणे, शेठ, आवाज गाडीबाहेर पळतोय, पकडा!"

हे म्हणाले, "बसा तरी. बघतो."

"बघता काय! मला माहीत होतं. बाईमाणसाच्या हातात असली कामं दिली की असंच होणार. तुमची बहीणच करते ना हे?"

मी वर बघितलं. आता हे सांगतील, असं मला वाटलं. इतकं साधं होतं ते. 'माप मी घेतलं होतं, चुकलं, नीट करून देतो.' एवढंच वाक्य. त्यात कुणाचा जीव जाणार नव्हता.

हे म्हणाले, "ताईला बरं नव्हतं हो."

बस्स. एवढंच म्हणाले. यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि सगळं मिळून धडधडीत खोटं. ताप मी बघितला होता, घड्या मी बदलल्या होत्या. ती बाई त्या दिवशी दुकानाच्या पायरीवरसुद्धा आली नव्हती. पण ऐकणाऱ्यानं काय ऐकलं? आजारी बाईनं गाडी बिघडवली.

"मग आजारी माणसाला बसवता कशाला?" फरशीवाले जरा नरमले. "पुढच्या वेळी तुम्ही स्वतः बसा. त्यांना काउंटरला बसवा, हिशेबबिशेब बघतील."

"हो, तसंच करतो," हे म्हणाले.

वन्सं दारात येऊन उभ्या होत्या. केव्हा आल्या कुणाला कळलं नाही. मला वाटलं आता छप्पर उडणार. त्या ह्यांच्याकडे बघत राहिल्या, नुसत्या बघत राहिल्या. हे फरशीवाल्यांच्या गाडीच्या टायरकडे बघत होते. मग वन्संनी पायात चपला घातल्या आणि निघून गेल्या. ती बाई न ओरडता गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

संध्याकाळी घरात जे झालं ते मी विसरणार नाही.

"तू घरचं माणूस आहेस ताई," हे म्हणाले. "तू समजून घ्यायला नको? शेठ बडं गिऱ्हाईक आहे. माझ्यावर आलं असतं तर दुकानाचं नाव गेलं असतं."

"आणि माझं नाव? ते काय रस्त्यावर पडलेलं होतं?"

"तुझं कुठे बोर्डावर आहे!"

हे बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण ते पाण्याचा तांब्या शोधायला लागले. तांब्या समोरच होता.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "जवळच्याला थांबवायचं, हे मीच शिकवलं तुला. पण गाडीत थांबवतात ते सगळ्यांचा आवाज एकदम पोचावा म्हणून. तू जवळच्याचं तोंड दाबतोस ते आपलं झाकायला."

"एका शब्दाचा एवढा बाऊ करतेस?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अहो, एक शब्दच सांगायचा होता ना? मग का नाही सांगितलात?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी मध्येच आहे. इतकी वर्षं मध्येच आहे. उद्या शेठकडे जाते आणि सांगते, ताप मी बघितलाय म्हणून."

यावर वन्सं माझ्यावरच उखडल्या. "खबरदार! मला साक्षीदार नको आहेत, मी काय चोरी केलीय? ज्यानं गिळलंय त्याच्याच तोंडून बाहेर यायला पाहिजे. तोवर मी कुठल्या गाडीला हात लावणार नाही. आणि काउंटरला बसायला मी काही शोभेची बाहुली नाही."

मी रोज देवासमोर उभी राहते, फार काही मागत नाही. त्या दिवशीही उभी राहिले. घरातलं भांडण मिटू दे, असं मागायला हवं होतं, बायकांनी तेच मागायचं असतं. मी म्हटलं, देवा, मिटवू नकोस. आधी खरं काय ते होऊ दे, मग मिटव.

बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी दुकानात जाताना टायरवाल्यानं विचारलं, "वहिनी, ताईंनी सोडलं म्हणे काम? वयच झालं म्हणा." एक गिऱ्हाईक मला टेबलाशी येऊन हळूच म्हणालं, "टायमिंग दादाच करणार ना?" मी त्याला म्हणाले, "हो, आणि आवाज आरशावर बसला तर आरसा पुसून घ्या." त्याला काही कळलं नाही. ह्यांना कळलं. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं.

फरशीवाल्यांची गाडी पुन्हा आली. या वेळी ह्यांनी त्यांना सीटवर बसवलं खरं, पण माप नव्यानं घ्यायचं सोडून नुसतेच आकडे हलवत बसले. नव्यानं माप घ्यायचं म्हणजे आधीचं चुकलं म्हणायचं, ते कसं म्हणणार! थोडं इकडे, थोडं तिकडे. बाई आरशावरून उतरली ती डॅशबोर्डखाली जाऊन बसली, तिथून पायाशी, तिथून मागे. शेठ आत घामानं निथळत होते. दुपार व्हायला आली तेव्हा त्यांनी काच खाली केली.

"बहिणीनं एवढं बिघडवलं का हो, की तुम्हालाही निस्तरेना?"

फिटर खाली मान घालून हसला. ह्यांनी ते बघितलं. मग फोन उचलून बाजूला गेले, पण मी जवळच होते.

"ताई, जरा दुकानात ये. अर्ध्या तासाचं काम आहे."

पलीकडून वन्संचा आवाज मलाही ऐकू आला. त्यांना फोनची गरजच नसते. "शेठ आहेत का तिथे?"

"आहेत."

"फोन स्पीकरवर टाक. माप कोणी घेतलं ते सांग. मग येते."

"ताई, आत्ता नको…"

"मग मीही आत्ता नको."

फोन कट झाला. ह्यांनी तो खिशात टाकला आणि शेठना म्हणाले, "चला, घरीच जाऊ. ताई पायऱ्या उतरू शकत नाही, अजून अशक्त आहे."

पुन्हा तेच! मी बिलाचं पुस्तक बंद केलं, दुकान फिटरवर सोपवलं आणि न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले. रस्ताभर स्पीकर चालू होता, आणि कुणीतरी बाई माझ्या गुडघ्यात गात होती.

गाडी आमच्या फाटकाशी थांबली. वन्सं अंगणात कपडे वाळत घालत होत्या. पायऱ्या उतरूनच आल्या होत्या, चांगल्या चार बादल्या कपडे घेऊन. फरशीवाल्यांनी ते बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. माणूस आवाजानं मोठा असला तरी डोक्यानं लहान नव्हता.

"ताई अशक्त आहेत ना?" ते म्हणाले.

वन्संनी चिमटे तोंडातून काढले. "कोण म्हणालं?"

मी मागच्या सीटवरून ह्यांच्या मानेकडे बघत होते. मानेची शीर थडथड उडत होती. मला वाटलं मीच ओरडते आता. जिभेवर आलेलं सगळं मी दातांनी धरून ठेवलं, कारण वन्संनी बजावलं होतं.

हे उतरले. गाडीच्या बॉनेटकडे बघत म्हणाले, "माप मी घेतलं होतं. सीट मागे होती, ती पुढे घ्यायची राहिली. ताई त्या दिवशी दुकानात नव्हती." आणि मग मान वर करून, बहिणीकडे बघून, "झालं समाधान?"

तेवढं शेपूट जोडलं नसतं तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. तोंडातलं निघालं, पण तोंडावर फेकल्यासारखं.

"नाही झालं," वन्सं म्हणाल्या. "अजिबात नाही झालं."

फरशीवाल्यांनी घसा खाकरला. "मग त्या दिवशी मला का नाही सांगितलं? आणि मी ताईंना जे काय बोललो…"

"तुमच्याकडेही येते मी," वन्सं म्हणाल्या. "बाईमाणसाच्या हातात काम दिलं की काय होतं म्हणाला होतात?"

"चुकलं माझं."

"बघ," वन्सं भावाला म्हणाल्या, "परका माणूस किती पटकन म्हणाला. शेपूटसुद्धा नाही लावलं." मग शेठकडे वळल्या. "गाडी तुमची करते मी. पण त्या दुकानात नाही. गाडी तिकडे झाडाच्या सावलीत घ्या. सीट हवी तशी पुढे घ्या, लाजू नका, माणूस उंचीनं लहान असला म्हणून काय झालं."

शेठ गाडी पुढे घ्यायला लागले. हे तिथेच उभे. मी उतरून घरात गेले आणि उशी घेऊन आले. काम व्हायला फार वेळ लागला नाही. शेठ आत बसले होते, डोळे मिटले, आणि त्यांचं तोंड जे उघडलं ते बराच वेळ तसंच राहिलं.

वन्सं त्यानंतर दुकानात गेल्या नाहीत. आजही जात नाहीत. त्या झाडाखालीच काम करतात. शेजारचे आधी कुरकुरले, मग आपापल्या गाड्या घेऊन आले. ह्यांनी बाहेरून एक माणूस आणून बघितला, मशीननं टायमिंग लावणारा. तो मशीन घेऊन आला, चार गिऱ्हाइकांशी भांडला आणि मशीन घेऊन गेला. आता दुकानात फक्त स्पीकर बसतात. बसवून झाले की गिऱ्हाईक विचारतं, "आणि टायमिंग?"

तेव्हा ह्यांना सांगावं लागतं. रोज सांगावं लागतं, प्रत्येक नव्या माणसाला, बोर्डाखाली उभं राहून. "ते मला जमत नाही. बहिणीकडे जा." कधी कोणी खोदून विचारतं, "का हो, तुमचंच दुकान ना?" मग ह्यांचा चेहरा लाल होतो, आणि राग फिटरवर निघतो.

भाऊ-बहीण घरात कामापुरतं बोलतात. जेवताना मी मध्ये बसते. मिठावरून अजून कधी कधी भांडण निघतं. परवा हे मला म्हणाले, "तू तरी तिला सांग, मोठेपणा घे म्हणावं, ये परत दुकानात."

मी म्हणाले, "मोठेपणा का घ्यायचा त्यांनी? शेपूट काढून परत एकदा म्हणा, मग बघू."

ते उठून गेले. ताट तसंच होतं. मी ते उचललं नाही.